बंब, स्टोव्ह आणि कॉफीचं मशीन

मागच्या महिन्यात बावड्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्त्याचं लिहून झालं, चहा ठेवला, तेवढ्यात एका ताईंनी पिशवीतून एक काळं, चकचकीत यंत्र काढून सतरंजीवर ठेवलं. कॉफीचं मशीन. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्यानं दिवाळीला आणून दिलेलं. मागच्या टाकीत पाणी भरायचं, वरच्या खाचेत कॉफीची एक छोटी बंद कुपी घालायची आणि बटण दाबायचं, की अर्ध्या मिनिटात कप भरतो.

सात-आठ महिने ते छान चाललं. मग धार बारीक झाली. पुढे थेंब थेंब पडायला लागला, कॉफी कोमट यायला लागली आणि शेवटी नुसता दिवा लुकलुकायला लागला. घरात सगळ्यांनी एकच ठरवलं, सुनेनं काहीतरी केलं. तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्यानं यंत्र उघडूनही न बघता सांगितलं की हे गेलं, नवीन घ्या. तेव्हापासून सून घरात मान खाली घालून वावरत होती. "तुमच्यात कुणाला काही कळतं का बघा," ताई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर असलं मशीन आमच्यातल्या कुणीच कधी हाताळलं नव्हतं. पण टाकी काढून उजेडात धरली आणि तीन-चार जणी एकदमच बोलल्या, "अगं, हे तर आपल्या पातेल्यातलंच!" टाकीच्या तळाला पांढरा, खरखरीत थर होता. नखानं खरवडला तर खपली निघाली. पाणी तापवायच्या हंड्याला बसतो, गिझरच्या कांडीला बसतो, चहाच्या पातेल्याला कडेनं बसतो, तोच.

म्हणून आज या थराचा इतिहास सांगतो. लढायांच्या पुस्तकात तो सापडणार नाही, कारण हा थर ज्यांनी घासून काढला त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही.

आधी जुन्या भांड्यांकडे जाऊ. गावात जरा बरं घर असलं की न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. मधोमध नळा, नळ्यात लाकडं नाहीतर कोळसा, भोवती पाणी, खाली तोटी. बाहेरून तो चिंच आणि राखेनं लखलखीत ठेवायचा, म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी घरातल्या बायांचे हात कोपरापर्यंत काळे. आतून मात्र कुणाला दिसत नसे. वर्षानुवर्षं आत खपल्या साचायच्या, तोटी तुंबायची, पाणी तापायला दुप्पट लाकूड लागायचं. मग कुणीतरी म्हातारी चिंचेचं पाणी करून रात्रभर बंबात भरून ठेवायची आणि सकाळी तोटीतून गढूळ पांढरं पाणी यायचं. तिला रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. आंबटानं थर सुटतो, एवढं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं होतं.

स्वयंपाकघरात पितळ होतं. पितळेला आंबट चालत नाही. ताक, चिंचेचं सार, टोमॅटोची भाजी त्यात ठेवली की कळकते, खाल्लं तर मळमळतं. म्हणून आतून कथलाचा मुलामा, म्हणजे कल्हई. वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला यायचा, झाडाखाली खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा. भसकन पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं ते भराभरा फिरवायचा. भांडं पाण्यात घातलं की चर्रर्र. आमच्यातल्या थोरल्या बायकांना तो वास अजून आठवतो. कल्हई म्हणजे दुसरं काय? यंत्राची वेळेवर देखभाल. फक्त तिला तेव्हा कुणी तसं म्हणत नव्हतं आणि ती चुकली तर "भाजी कळकवली" हा ठपका कल्हईवाल्यावर येत नव्हता, सुनेवर येत होता.

या भांड्यांत चहा तसा उशिरा आला. पुण्यासारख्या शहरातसुद्धा चहावरून केवढं रामायण झालं होतं! १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली शिकलेली मंडळी गेली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. मिशनच्या लोकांनी पुढ्यात चहा-बिस्किटं ठेवली. कुणी घेतली, कुणी संकोचानं कप नुसता हातात धरला. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी, म्हणजे माणूस मोठा खोडकर, त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापवली. झालं! धर्म बुडाला म्हणून ओरड झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या दिवसांबद्दल लिहिलं आहे. त्या वादात कप कुणी दिला आणि कुणी तोंडाला लावला याची चौकशी झाली. तो धुतला कुणी, हे कुणी विचारलं नाही. आणि पुढे चहा गावोगाव पोचला तेव्हा हॉटेलाच्या बाहेर काही माणसांसाठी वेगळी कपबशी ठेवली जायची, आपली त्यांनीच विसळून ठेवायची, हेही आपल्याच भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिलेलं आहे. चहाच्या इतिहासातलं हे पान गोड नाही.

चहा गावापर्यंत आणला तो मळेवाल्यांनी. १९०३ साली कायदा होऊन चहावर कर बसला आणि त्या पैशातून जाहिरात सुरू झाली. स्टेशनावर पत्र्याच्या पाट्या लागल्या, बाजारात फुकट चहा वाटला गेला, चहा कसा करायचा हे माणसं पाठवून करून दाखवलं गेलं. आपण त्यात आपल्या मनानं दूध आणि साखर वाढवली, आलं टाकलं आणि तो उकळ-उकळ उकळला. मळेवाल्यांना तो प्रकार फारसा आवडला नव्हता म्हणतात, कारण असं उकळल्यावर पत्ती कमी लागते.

आता पाण्याकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

१८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आपल्या भागानं भोगला. त्यानंतर नीरा नदीचं पाणी बारामती-इंदापूरकडे वळवायचं काम झालं आणि १८८५ साली नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं. वरती भोर भागात भाटघरला धरण बांधलं गेलं. कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. आपल्याकडे आज जे काही आहे, साखर कारखाने, दूध, पक्की घरं, त्याच्या मुळाशी हा कालवा आहे, हे मान्यच करायला हवं.

पण पाणी आलं तसं मीठही वर आलं. काळी चिकण जमीन, पाण्याचा निचरा नाही, वर भरपूर पाणी. जमिनीखालचं पाणी वर चढत गेलं, जमिनीतले क्षार विरघळून पृष्ठभागापर्यंत आले, पाणी उडून गेलं आणि क्षार मागं राहिले. रानाला पांढरं फुटलं, असं आपण म्हणतो. शेत चोपण झालं. ही काही आपल्या पिढीत सुरू झालेली गोष्ट नाही. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं व्हायच्या आत पुण्याच्या शेतकी कॉलेजात या तक्रारी पोचल्या होत्या. तिथले प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली पुस्तिका काढली.

या मॅनसाहेबांची एक गंमत आम्हाला फार आवडली. १९०७ साली पुण्याला यायच्या आधी ते काय करत होते, माहीत आहे? चहाच्या मळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ होते. चहाच्या झाडावरच्या किडी-रोगांवर त्यांचं पुस्तक आहे. म्हणजे चहाचं झाड आणि नीराकाठचं मीठ, दोन्ही एकाच माणसानं तपासलं. आपल्या पातेल्यात ही दोन्ही रोज भेटतात!

इथं एक नीट समजून घेऊ, कारण आमचाही आधी गोंधळ झाला होता. खारं पाणी आणि जड पाणी या सख्ख्या बहिणी नाहीत, चुलत आहेत. खाऱ्या पाण्यात मुख्यतः मिठासारखे क्षार असतात, ते जिभेला कळतात, पाणी मचूळ लागतं. जड पाण्यात चुन्याच्या जातीचे क्षार असतात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. ते जिभेला कळतीलच असं नाही. पण डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केस धुतले तरी चिकट राहतात. दख्खनच्या काळ्या दगडातून पाझरलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात हे क्षार मुळातच असतात, आणि जिथं निचरा नाही तिथं दोन्ही बहिणी एकत्र नांदतात. पिण्याच्या पाण्याचा भारतीय मानक सांगतो की एका लिटरमध्ये हा जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं. आपल्या बोअरचा आकडा किती, हे पाणी तपासणीच्या कागदावर लिहिलेलं असतं. ग्रामपंचायतीत मागितलं तर बघायला मिळतं. आम्ही तो कागद मागायला तिघी मिळून गेलो होतो. एकटीला उद्या या म्हणतात.

जड पाणी थंड असेपर्यंत क्षार त्यात विरघळून गुपचूप बसतात. पाणी तापलं की त्यातला वायू निघून जातो आणि क्षाराचा चुना होऊन भांड्याला चिकटतो. हाच तो थर. घरी बघा, खपलीवर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात. कुकरच्या पाण्यात आपण लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटूक टाकतो, त्याच आंबटपणाचा हा उपयोग.

बंब गेला आणि स्टोव्ह आला. स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या माणसानं १८९२ च्या सुमारास रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह बनवला, प्रायमस. आपल्याकडे तो आधी शहरात, मग गावात, लग्नाच्या भांड्यांत दिसू लागला. चुलीच्या धुरापेक्षा बरा, चहा चटकन होई. पण त्याचं छिद्र सारखं तुंबायचं आणि पिन मारावी लागायची. पंपाचा चामडी वायसर वाळला की हवा धरत नसे, त्याला तेलाचं बोट लावायचं. या बारीकसारीक गोष्टी जिला ठाऊक तिचा स्टोव्ह फुरफुरत राहायचा.

आणि स्टोव्हबद्दल बोलताना दुसरी गोष्ट टाळता येणार नाही. "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू." ही ओळ वर्तमानपत्रात इतक्या वेळा छापून यायची की वाचणारा पान उलटायचा. काही खरेच अपघात होते. पण भडका नेहमी नवीन सुनेच्याच अंगावर कसा उडतो, सासूच्या किंवा नवऱ्याच्या का नाही, हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला, तेव्हा कुठं कायदा हलला. १९८३ साली छळाचं ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. त्याआधी कितीतरी घरांत यंत्राच्या नावावर सगळं खपून गेलं. यंत्र बिघडलं तर दोष बाईचा आणि बाई मेली तर दोष यंत्राचा. कॉफीच्या मशीनवरून एखादी सून रडते, ही गोष्ट फार छोटी आहे हे आम्हालाही कळतं. तरीही ताई ते सांगत होत्या तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी गप्प झाल्या होत्या.

कॉफीची कथा थोडक्यात सांगतो. बाबा बुदन नावाच्या फकिरानं येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. मराठी घरात कॉफी आली ती पाहुण्यांसाठी, उपवासासाठी, जायफळ घालून, भरपूर दुधात. पाण्यात विरघळणारी पूड १९३८ साली स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीनं बाजारात आणली. त्याच कंपनीत एरिक फावर नावाचे इंजिनियर होते. त्यांची बायको इटलीची. तुम्हा स्विस लोकांना कॉफी करता येत नाही, असं ती चिडवायची, म्हणून ते रोमला जाऊन चांगली कॉफी कशी करतात ते बघून आले, असं ते स्वतः सांगत. १९७६ साली कुपीच्या यंत्राचं पेटंट झालं, १९८६ साली ते विकायला आलं. आता बऱ्याच कंपन्या तशी यंत्रं करतात. बायकोच्या टोमण्यातून एवढा मोठा धंदा निघाला, पण पेटंटवर तिचं नाव नाही. असो.

या यंत्राच्या पोटात टाकी, पंप, पाणी तापवणारा भाग आणि सुई आहे. पंप पाणी ओढतो आणि तापवून कुपीत दाबानं सोडतो. आपल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी जेवढा दाब असतो त्याच्या साधारण पंधरा पट दाब हा पंप देऊ शकतो. नळ्या अगदी बारीक. हंड्याला बोटभर थर बसला तरी हंडा चालतो. इथं केसाएवढा थर बसला की धार अडते, आणि थरातून उष्णता नीट जात नसल्यानं पाणीही पुरतं तापत नाही. म्हणजे ताईंच्या मशीनला झालं होतं ते हेच. त्या बोअरचं पाणी भरत होत्या.

मुलाला फोन लावला. त्यानं यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेची पानं फोनवर पाठवली. त्यात पहिल्यापासून लिहिलेलं होतं की थर काढायची पावडर दर काही महिन्यांनी वापरा, पाणी जड असेल तर लवकर वापरा. पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती पुण्यात राहिली होती, यंत्र बावड्यात. मग त्यानंच ती पावडर मागवून दिली. सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबाचं सत्त्व, अशाच जातीची असते ती. एकीनं विचारलं, मग घरचं लिंबूच का पिळू नये? तर लिंबाच्या रसात चोथा असतो, तो बारीक नळीत अडकतो. व्हिनेगरचा वास जात नाही आणि रबराच्या रिंगांना ते बरं नव्हे. म्हणून पुस्तिकेत सांगितलं असेल तेच वापरायचं.

पुढच्या रविवारी आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो आणि काम सुनेच्याच हातानं केलं. आधी वायर काढून, यंत्र गार असताना, वापरलेल्या कुप्यांचा डबा आणि खालची थेंबांची ताटली काढली. डब्यात बुरशी होती. हा डबा रोजच्या रोज रिकामा करून विसळायचा असतो. यंत्राचं धड मात्र पाण्यात कधीच बुडवायचं नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं. कुपी घालायची खाच मऊ ब्रशनं साफ केली. मग टाकीत मोजून पाणी आणि पावडर, तोटीखाली मोठं पातेलं, आत कुपी नाही. दोन बटणं एकदम दाबून धरली की सफाईचा कार्यक्रम सुरू होतो, हे त्या यंत्रापुरतं. दुसऱ्याचं वेगळं असेल. सुरू केल्यावर मध्येच बंद करायचं नाही, आणि ते पाणी डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही.

आधी काहीच येईना. पंप नुसता घुरघुरला. सासूबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "बघा, गेलंच आहे ते." सुनेनं थांबवलं नाही. मग एक फुरका मारून चार थेंब आले, नंतर दुधाळ पांढरी धार, त्यात वाळूसारखी कणी. पातेल्याच्या तळाला चमचाभर गाळ बसला. पुस्तिकेप्रमाणे तेच पाणी गाळून पुन्हा एकदा फिरवलं, आणि मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या सोडल्या, आंबटपणा राहू नये म्हणून. दुसऱ्या टाकीला धार पेन्सिलीएवढी झाली आणि वाफ दिसायला लागली.

आता त्या घरात गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्राचं पाणी टाकीत भरतात, रोज सकाळी बदलून. कॉफी झाली की कुपी न घालता एकदा नुसतं पाणी सोडतात. वापरलेल्या कुप्या सून कापते, आतला चोथा परसातल्या कढीपत्त्याला घालते आणि ॲल्युमिनियम धुऊन भंगारवाल्यासाठी साठवते. एका कुपीच्या पैशात आमच्या अख्ख्या गटाचा चहा होतो हे खरं आहे, पण तो त्यांच्या घरचा हिशेब.

पुढच्या सफाईची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली आहे. ती सासूबाईंनी लिहिली. आणि आमच्यासाठी त्यांनी त्या दिवशी चहाच केला, पातेल्यात, आलं घालून.